शेवटचे वहीपूजन



दिवाळीतील लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी किराणा दुकानदार नवी वही पाटावर ठेवतो. पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक रेखतो, वर ‘श्री’ लिहितो, हळदकुंकू वाहतो आणि शुभमुहूर्तावर पहिली नोंद करतो. गल्ला, काटा आणि वजने त्या दिवशी घासूनपुसून देवापुढे मांडलेली असतात. ज्या वर्षी ही नवी वही घरात येत नाही, त्या वर्षी दुकान मिटणार हे कोणी सांगावे लागत नाही. दुकान बंद होण्याचा समारंभ नसतो. बरण्या रिकाम्या होत जातात, साखरेची शेवटची गोणी संपते, नवीन माल भरला जात नाही आणि एके सकाळी दार उघडतच नाही. चार दिवस लोक येऊन परत जातात. पाचव्या दिवशी त्यांची पावले दुसरीकडे वळतात.

आजच्या भाषणाचा विषय हे न उघडलेले दार आहे. कोणा एका दुकानाचे किंवा कुटुंबाचे नाव येथे घ्यायचे नाही, कारण हे चित्र एका घराचे राहिलेले नाही. नशिराबादमध्ये ते पाहता येते आणि खानदेशातील इतर मोठ्या गावांतही.

गावाची घडी आणि दुकानाची जागा

नशिराबाद हे जळगावहून भुसावळकडे जाताना राष्ट्रीय महामार्गालगत, सुमारे दहा किलोमीटरवर लागणारे जुने गाव. भादलीचे रेल्वेस्थानक हाकेच्या अंतरावर. संत झिपरू अण्णा महाराजांच्या वास्तव्याने पावन झालेले हे स्थान. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये आजच्या जळगाव परिसराचा तालुकाच नशिराबादच्या नावाने नोंदलेला आहे. काचेच्या बांगड्यांसाठी या गावाची एके काळी ख्याती होती. पुढे लोहमार्गामुळे जळगाव वाढले, व्यापारपेठ तिकडे सरकली, बांगड्यांचा उद्योग मागे पडला. आता नशिराबादला नगरपरिषद आहे. म्हणजे पेठ हलली की गावाचे काय होते, याचा अनुभव या गावाने दीड शतकापूर्वीच घेतलेला आहे. तरीही त्या सर्व उलथापालथीत गल्लीतले किराणा दुकान टिकून राहिले. ते का टिकले, हे समजल्यावाचून आज ते का मिटते आहे, हेही समजणार नाही.

या परिसरात तीन प्रकारची घरे शेजारी शेजारी नांदतात. पहिले शेतकऱ्याचे. त्याच्या हाती पैसा येतो तो वर्षातून एकदोनदा; कापसाची वेचणी सुरू झाल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आसपास, किंवा केळीचा माल गेल्यावर. दुसरे पगारदाराचे, कोणी भुसावळला रेल्वेत, कोणी आयुध निर्माणीत, कोणी जवळच्या सिमेंट कारखान्यात. त्याचा पैसा महिन्याच्या महिन्याला येतो. तिसरे रोजंदारीवर जगणाऱ्याचे. त्याचा पैसा आठवडे बाजाराच्या दिवशी येतो आणि बहुधा त्याच दिवशी संपतो. पोट मात्र तिघांचेही दररोजचे आहे. वर्षाचा, महिन्याचा आणि आठवड्याचा असे हे तीन निराळे हिशेब एका वहीत सांभाळण्याचे काम गावचा किराणा दुकानदार करीत आला.

मृगाचा पाऊस पडला की शेतकऱ्याची बी-बियाण्यांवर होती-नव्हती ती गंगाजळी खर्च होते. त्यापुढचे चार-पाच महिने त्याच्या घरचे तेल, मीठ, साखर, चहापत्ती दुकानाच्या खात्यावरून चालते. “आबा, मांडून ठेवा,” एवढे तीन शब्द पुरेसे असतात. तारण नाही, जामीन नाही, कागदावर अंगठा नाही. श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी गहू आणि हरभऱ्याची डाळ लागते. पोळ्याला, गौरी-गणपतीला गूळ लागतो. हातात पैसा नाही म्हणून या घरांतले सण अडले नाहीत, याचे बरेचसे श्रेय त्या मांडून ठेवणाऱ्या हाताला आहे. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडणाऱ्या कुटुंबांची आठवड्याची मजुरी हाती पडेपर्यंत चूल कशी पेटत असे, हे त्या पिढीतील ज्येष्ठांना विचारावे. उत्तरात बहुधा एखाद्या दुकानाचे नाव येते.

वहीतील विश्वास, काट्यातील खोट

तथापि, गेलेल्या गोष्टीला सोन्याचा मुलामा देण्याची सवय बरी नव्हे. किराणा दुकानदारीचा दुसरा इतिहासही याच मातीतला आहे. खडे मिसळलेली डाळ, ओलवलेली साखर, पारड्याखाली चिकटवलेला गूळ, टंचाईच्या काळात मागच्या खोलीत दडवलेले तेलाचे डबे, निरक्षर माणसाच्या खात्यात वाढलेला एखादा आकडा, हेही समाजाने भोगले आहे. कौटिल्याने तर अर्थशास्त्रात व्यापाऱ्यांना चोर हे नाव न लागलेल्या चोरांच्या पंक्तीत बसवले. खोट्या मापांसाठी त्याने दंड सांगितला आणि नफ्यालाही मर्यादा घातली. देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० हे ते प्रमाण. व्यापार हवा, पण तो धर्माच्या मर्यादेत हवा, ही आपली जुनी दृष्टी आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक वजनमापे आली. शेर, पावशेर, छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले. ग्राहकाचे प्रबोधन मात्र कायद्याने होत नाही. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीचे काम उभे राहिले, ते याच जाणिवेतून. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून महिन्याचा किराणा एकत्र खरेदी करण्याची पद्धत रुजवली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. या सर्वांमागे दुकानदाराच्या काट्याविषयीचा अविश्वास होता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. दुकानदार आणि ग्राहक यांच्यातील नाते जिथे निर्मळ राहिले, तिथे दुकान टिकले. जिथे ते नासले, तिथे मोठ्या भांडाराने येऊन केवळ शेवटचा धक्का दिला.

कारणे एक नव्हेत

दुकाने मिटण्याचे कारण विचारले की एखाद्या कंपनीचे नाव घेऊन आपण मोकळे होतो. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे.

पहिले कारण खरेदीचे. गावचा दुकानदार जळगावच्या घाऊक पेठेतून दोन-चार कट्टे साखर आणि तेलाचे काही डबे उचलतो. मोठी साखळी दुकाने थेट उत्पादकाकडून गाड्याच्या गाड्या घेतात. २००२ मध्ये मुंबईत पवई येथे पहिले दालन उघडणाऱ्या डी-मार्टची दालने मार्च २०२५ अखेर ४०० च्या पुढे गेली. बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या, त्यामुळे भाड्याचा भार कमी. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्याबदल्यात भावात सवलत मिळवायची, ही तिची रीत. हे व्यापाराचे कसब आहे, त्यात लबाडी नाही. पण त्यामुळे कित्येकदा असे घडते की, गावच्या दुकानदाराला जो माल ज्या भावाने विकत मिळतो, त्याहून कमी भावाने तो शहरातल्या ग्राहकाच्या पिशवीत पडतो. अशा वेळी दुकानदाराने किती घासाघीस सोसायची?

दुसरे कारण रस्त्याचे. महामार्ग चौपदरी झाला, दुचाकी घरोघर आली आणि जळगाव पाव तासावर आले. पूर्वी महिन्याची यादी घेऊन दुकानात जाणारे पगारदार कुटुंब आता रविवारी शहरात जाते. मुलांचे फिरणे होते, खरेदीही होते. त्यात गैर काहीच नाही. पण दुकानाच्या दृष्टीने याचा अर्थ निराळा होतो. रोख देणारे गिऱ्हाईक गेले आणि उधारीचे तेवढे राहिले. पगारदाराच्या रोखीवरच तर दुकानदार शेतकऱ्याची आणि मजुराची उधारी पेलत होता. तो आधार निघाला आणि वहीचा तोल गेला.

तिसरे कारण हिशेबाचे. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आणि जुलै २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर यांनी व्यवहार कागदावर आणि बँकेत आणले. देशाच्या दृष्टीने हे आवश्यक होते आणि लहान उलाढालीला नोंदणीतून सूटही होती. १ एप्रिल २०१९ पासून मालाच्या विक्रीसाठी ती मर्यादा ४० लाख रुपये झाली. तरीही आयुष्यभर रोजमेळ आणि खतावणी यांवर चाललेल्या साठीच्या माणसाला हा बदल जड गेला. ज्यांच्या घरी शिकलेला मुलगा गल्ल्यावर बसायला तयार होता ते तरले. बाकीचे थकले.

आणि हेच चौथे कारण, सर्वांत घरगुती. मुलगा अभियंता झाला, पुण्याला गेला. सून नोकरी करते. सकाळी सहाला दार उघडून रात्री दहाला फळ्या लावण्याचे आयुष्य त्यांनी का पत्करावे? लग्नाच्या बाजारात दुकानदार मुलापेक्षा पाचआकडी पगाराच्या मुलाला अधिक भाव आहे, हेही आपल्याच समाजाचे सत्य आहे. स्वावलंबनावर व्याख्याने देणाऱ्या घरांतूनही जावई शोधताना नोकरीचाच आग्रह धरला जातो.

मोर्चा आठवतो, यादी विसरते

खानदेशाच्या भूमीला स्वदेशी नवी नाही. तापीपलीकडच्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले, तेव्हा तेथे ग्रामोद्योगांचे प्रदर्शन मांडले होते. त्याआधी ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या पुढाकाराने विदेशी कपड्यांची होळी झाली होती. १९९१ मध्ये नागपूरला स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली आणि श्रद्धेय दत्तोपंत ठेंगडी यांनी आर्थिक स्वातंत्र्याच्या दुसऱ्या लढ्याची दिशा दाखवली.

१४ सप्टेंबर २०१२ रोजी तत्कालीन केंद्र सरकारने बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के थेट परकीय गुंतवणुकीला मान्यता दिली, तेव्हा २० सप्टेंबरला देशभर बंद पाळला गेला. व्यापारी संघटना आणि परस्परविरोधी पक्षही त्या दिवशी एका बाजूला उभे राहिले. डिसेंबरमध्ये लोकसभेत या विषयावर मतदान झाले आणि सरकारच्या बाजूने २५३, तर विरोधात २१८ मते पडली. त्या काळात गावोगावी निघालेल्या मोर्चांतून गल्लीतल्या दुकानदाराचे नाव घेतले गेले.

पुढे काय झाले? समुद्रापलीकडची जी भांडारे दारात येतील असे भय होते, ती त्या रूपात फारशी आलीच नाहीत. फ्रान्सची कारफूर कंपनी २०१४ मध्ये येथून निघून गेली. जर्मनीच्या मेट्रोचा येथील घाऊक व्यवसाय २०२३ मध्ये रिलायन्सने घेतला. अमेरिकेच्या वॉलमार्टने मात्र २०१८ मध्ये फ्लिपकार्टमधील बहुसंख्य हिस्सा विकत घेतला आणि दुकानाच्या दाराऐवजी फोनच्या खिडकीतून प्रवेश केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारने ऑनलाइन बाजारपेठांचे नियम कडक केले, हेही नोंदवले पाहिजे. दरम्यान आपल्याच देशातील मोठे भांडवल या क्षेत्रात उतरले आणि दहा मिनिटांत घरपोच माल देणाऱ्या कंपन्याही निघाल्या. २०२४ मध्ये वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने असा दावा केला की, वर्षभरात देशातील सुमारे २ लाख किराणा दुकाने बंद पडली. आकड्याविषयी वाद होऊ शकतो. रिकाम्या बरण्यांविषयी होऊ शकत नाही.

येथे स्वदेशीच्या कार्यकर्त्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. भांडवल परदेशी असेल तर विरोध आणि देशी असेल तर स्वागत, एवढीच स्वदेशी आहे काय? पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईतील चार व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. मनुष्याला केवळ आर्थिक प्राणी समजणाऱ्या, अर्थसत्ता मूठभरांच्या हाती एकवटणाऱ्या व्यवस्थांना त्यांनी नाकारले, मग ती सत्ता शासनाची असो वा भांडवलदाराची. त्या कसोटीवर पाहिले, तर एक हजार दुकानांच्या जागी एक दालन उभे राहणे ही मालकीच्या राष्ट्रीयत्वापुरती गोष्ट उरत नाही. हजार स्वतंत्र गृहस्थांच्या जागी काही पगारदार आणि काही दिवसपाळीचे डिलिव्हरी करणारे तरुण उभे राहतात. समाजाचा पोत बदलतो.

आणि आणखी अवघड प्रश्न स्वतःसाठीच. २०१२ मध्ये हातात फलक घेऊन चालणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरची महिन्याची यादी आज गल्लीतल्या दुकानात जाते?

जग काय सांगते

मोठ्या दुकानांमुळे लहान दुकाने मिटण्याचा अनुभव इतर देशांनी आपल्या आधी घेतला आहे. फ्रान्स आणि जपान या दोन्ही देशांनी १९७३ मध्येच मोठ्या भांडारांच्या वाढीवर नियंत्रण आणणारे कायदे केले. जपानने तो कायदा पुढे सैल केला आणि २००० मध्ये रद्द केला. आज तेथील अनेक लहान शहरांत जुन्या बाजारपेठेच्या रस्त्याला ओळीने बंद दारे दिसतात. अमेरिकेतील अनेक खेड्यांत स्वतंत्र किराणा दुकान मिटल्यावर ताज्या अन्नासाठी मैलोगणती मोटार हाकावी लागते. ज्याच्याकडे मोटार नाही, त्या वृद्धाने काय करावे, याचे उत्तर बाजाराकडे नसते.

मोठे दालनही अमर नसते, हे आपल्याकडेही दिसले. चेन्नईत १९९७ मध्ये सुरू झालेली सुभिक्षा देशभर दीड हजारांहून अधिक दुकाने उघडून २००९ मध्ये कोसळली. २००१ मध्ये सुरू झालेल्या बिग बझारची पाटी २०२२ मध्ये उतरली. गल्लीतले दुकान गेलेले असेल आणि मग दालनही गेले, तर गावाने कोणाच्या दारात जायचे?

याची चुणूक मार्च २०२० च्या टाळेबंदीत मिळाली. वाहने थांबली, घरपोच सेवा अडखळल्या. तेव्हा ठरावीक वेळेत अर्धे दार उघडून, दोरी बांधून, खडूने आखलेल्या चौकोनांत गिऱ्हाइकांना उभे करून धान्य देणारा माणूस गल्लीतलाच होता. रोजगार बुडालेल्या घरांना त्याने त्याही महिन्यांत मांडून ठेवून माल दिला. त्या वेळी त्याचे आभार मानणारे संदेश फोनवर फिरले. त्याच फोनवरून आता मागणी दुसरीकडे जाते.

करण्यासारखे

दुकानदारांनी काही गोष्टी मनावर घेतल्याच पाहिजेत. स्वच्छ दुकान, तपासून शिक्का घेतलेली वजने, मागितल्यावाचून दिलेली पावती आणि मुदत संपलेल्या मालाला थारा नाही, एवढे किमान हवे. गावातील पाच-दहा दुकानदारांनी एकत्र येऊन घाऊक खरेदी केली, तर भावातील अंतर बरेच कमी होऊ शकते. ग्राहकांनी जे १९७५ मध्ये करून दाखवले, ते दुकानदारांना अशक्य नाही. दादर ज्वारी, कळण्याचे पीठ, घरगुती काळा मसाला, उडदाचे पापड हा आपल्या मुलखाचा माल. बचत गटातील भगिनींच्या हातचा हा माल गावच्या दुकानात जसा मिळेल, तसा कोणत्याही दालनात मिळणार नाही. दुकानदाराचे खरे भांडवल तेच आहे.

ग्राहकांकडून अपेक्षा त्याहून साधी आहे. प्रत्येक वस्तू गावातच घ्या, असा हट्ट कोणी धरू नये. प्रपंचात चार पैसे वाचवणे हा गृहिणीचा अधिकार आहे. पण महिन्याच्या यादीतील निम्मा माल रोखीने गल्लीत घेतला, तरी दुकान उभे राहते. शहरातून रोख आणायचे आणि अडचणीच्या दिवशी तेवढे गावात उधार मागायचे, ही रीत मात्र सुसंस्कृत घराला शोभत नाही.

उधारी वेळेवर फेडणे ही तर स्वदेशीची पहिली पायरी आहे. दुकान मिटते तेव्हा माल विकला जातो, फळ्या आणि बरण्याही विकल्या जातात. विकली जात नाही ती शेवटची वही. तिच्यात येणे राहिलेले असते आणि वसुलीला जाण्याची उमेद संपलेली असते. कित्येक दुकानदार ती वही तशीच कापडात गुंडाळून देवघराच्या वरच्या फळीवर ठेवून देतात. गिऱ्हाईक रस्त्यात भेटले तर हसून क्षेमकुशल विचारतात, बाकीचा विषय काढत नाहीत.

ज्या एकट्या आजीबाई सकाळी दहा रुपयांचा गूळ आणि चहापत्तीची पुडी घ्यायला येत, त्या दोन दिवस दिसल्या नाहीत तर मुलाला त्यांच्या घरी पाठवणारा माणूस त्या गल्ल्यावर बसलेला होता. समाजाचे संघटन आपण शाखेत, मेळाव्यात, उत्सवात करतो. तो ते रोज सकाळी सहा वाजता दार उघडून करीत होता.

येत्या लक्ष्मीपूजनाला आपल्या गल्लीतल्या दुकानात नवी वही आलेली असेल की नाही, हे सर्वस्वी आपल्या हाती नाही. पण त्याआधी घरी जाऊन एक गोष्ट करता येईल. जुन्या वहीत आपल्या घराच्या नावावर काही बाकी राहिले आहे काय, ते वडीलधाऱ्यांना विचारावे. राहिले असेल, तर ते दुकान उघडे असो वा मिटलेले, मालकाच्या घरी जाऊन रक्कम त्याच्या हातावर ठेवावी आणि त्याच्या हस्ते खाते चुकते केल्याची नोंद करून घ्यावी.